इंद्रायणीकाठचे पुढचे तीन तास

तळवड्याला पाणी दोन वाटांनी गाठते. एक पाणी लोणावळ्याच्या डोंगरांवर पडते, कामशेतवरून इंद्रायणीच्या पात्रातून खाली येते आणि देहू ओलांडून तळवड्याच्या काठाला लागते. तेव्हा इथे कदाचित नुसती भुरभुर चालू असते. दुसरे पाणी थेट डोक्यावर कोसळते. एप्रिल-मेच्या तापलेल्या दुपारी किंवा परतीच्या पावसात एखाद्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी तासाभरात रस्त्याचा ओढा होतो. त्या वेळी नदी मात्र संथ असते. पहिल्या पाण्याची चाहूल हवामानशास्त्राला दोन-तीन दिवस आधी लागते, दुसऱ्याची खात्रीने लागायला तीन तासही पुष्कळ म्हणावे लागतात. तरी तळवड्याच्या रुपीनगरमधल्या किंवा ज्योतिबानगरमधल्या माणसाच्या मोबाइलवर दोन्हींसाठी एकच ओळ येते: पुणे जिल्हा, ऑरेंज अलर्ट. अल्पमुदतीच्या अंदाजाचा आढावा घेताना मला सर्वांत जास्त खटकते ती ही गोष्ट. अंदाज सुधारले आहेत, फार सुधारले आहेत. ते काठावरच्या माणसापर्यंत पोहोचताना मात्र त्यांचा नेमकेपणा वाटेत सांडतो.

आधी जमीन पाहू. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. मध्ये अंतर जेमतेम साठ किलोमीटरचे. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीशी सहाशे-सातशे मीटर उंच चढतात, थंड होतात आणि त्यांतले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच उतरते. पलीकडे मावळात आणि पुढे पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात उरतो तो उरलासुरला पाऊस. हवामान खाते म्हणूनच आपल्या पत्रकात पुणे शहर-परिसर आणि पुण्याचा घाटमाथा यांचे इशारे वेगळे देते. तळवडे नकाशावर पहिल्या रकान्यात येते. पण तळवड्याची नदी दुसऱ्या रकान्यातली आहे. नदीकाठी राहणाऱ्याने पावसाळ्यात आपल्या गावाचा नव्हे, तर घाटमाथ्याचा अंदाज आधी वाचायला हवा. हे कोणी शाळेत शिकवत नाही आणि पत्रकातही लिहिलेले नसते.

घाटमाथ्यावरचा मोठा पाऊस सहसा अचानक जमत नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडे सरकू लागले, गुजरात ते केरळ किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा जागा झाला, अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांनी जोर धरला, की घाटावर धार लागणार हे ठरलेले. ही मांडणी दोन ते चार दिवस आधी नकाशावर दिसते. २२ जुलै २०२१ नंतरच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. त्या पावसाची मोठी चौकट आधीच दिसत होती. नेमका कोणता डोंगर सुटेल, हे सांगण्याची सोय मात्र नव्हती.

पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांत एक फरक आहे आणि तळवडेकरांसाठी तो फार मोलाचा आहे. पवनेवर मोठे धरण आहे, १९७२ साली पूर्ण झालेले, आणि पिंपरी-चिंचवडची तहान मुख्यतः तेच भागवते. पवनेचा पूर बऱ्याच अंशी सोडलेल्या पाण्याचा असतो. किती क्युसेक सोडले, कधी वाढवणार, हे जाहीर करता येते. चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिरात पाणी शिरते ते बहुधा अशा विसर्गानंतर. इंद्रायणीवर असा एक मोठा बांध नाही. उगमाकडे वलवणचा जलाशय आहे, पण त्याचे पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली खोपोलीकडे वळवले जाते. आंद्रा, वडिवळे ही धरणे उपनद्यांवर आहेत. मधल्या मोठ्या पाणलोटातला पाऊस सरळ नदीत येतो आणि त्याचे वेळापत्रक कोणाच्या हातात नसते. लोणावळ्यापासून तळवड्यापर्यंत पात्राची लांबी पन्नास किलोमीटरच्या घरात धरली आणि पुराचे पाणी सेकंदाला दोन-अडीच मीटरने धावते असे मानले, तर हिशेब साडेपाच ते सात तासांचा निघतो. मधले ओढे, बंधारे, पात्रातले अडथळे यांनी तो मागेपुढे होईल. तरीही पाच तास हा मोठा अवधी आहे. गोठ्यातली जनावरे सोडायला, तळमजल्यावरचे सामान हलवायला, नदीकाठच्या शेडमधून कामगार बाहेर काढायला तो पुरतो. अट एकच, घाटावर काय पडले हे तळवड्यात कोणीतरी त्याच वेळी सांगितले पाहिजे.

आणि नदीच्या वरच्या अंगाला तर हा अवधीही मिळत नाही. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचे एक कुटुंब पाण्याच्या मध्यभागी अडकले आणि पाच जण वाहून गेले. डोंगरउतारावरचा ओढा काही मिनिटांत फुगतो. वर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही. अचानक येणारा पूर म्हणतात तो हाच, आणि तो समजून घ्यायला याहून मोठे उदाहरण लागत नाही. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने इंद्रायणीत कोसळला. चौघांचा जीव गेला, पुष्कळ जण जखमी झाले. पुलाची अवस्था हे त्या दुर्घटनेचे मूळ कारण. पण खाली नदी पावसाने भरून वाहत होती, आणि तशा नदीवरच्या कमकुवत पुलावर सुटीच्या दिवशी गर्दी होणार हे सांगायला कोणत्याही महासंगणकाची गरज नव्हती. पावसाचा अंदाज, धोक्याचे ठिकाण आणि गर्दीचा वार या तीन गोष्टी एका टेबलावर एकत्र आल्या असत्या, तर त्या दिवशी पुलाच्या तोंडाशी दोन पोलीस उभे राहिले असते.

पूररेषांचा विषय इथेच येतो. महाराष्ट्रात निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. तळवड्याला लागून असलेल्या चिखलीत याच रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने १७ मे २०२५ रोजी पाडले. आदेश राष्ट्रीय हरित लवादाचा होता आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून ती घरे घेतली त्यांचे दुःख खरे आहे. पण या प्रकरणात मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे. त्यानंतर नऊच दिवसांनी, २६ मे रोजी, मोसमी पाऊस मुंबई-पुण्यात दाखल झाला, मुंबईच्या नोंदींतला सर्वांत लवकरचा. नाले साफ करण्याची, पंप तपासण्याची, राडारोडा उचलण्याची मुदत सरकारी कागदावर जूनमधला पाऊस गृहीत धरून ठरलेली असते. ढगांनी ती पाळली नाही.

आता दुसरे पाणी. युरोप-अमेरिकेच्या हवामानवृत्तात थंड हवेची आघाडी शेकडो किलोमीटर लांब रेघ होऊन सरकताना दाखवतात आणि ती अमुक शहरात सायंकाळी पोहोचेल असे सांगतात. तशी आघाडी आपल्या अक्षांशांत येत नाही. चाकण-तळवड्यावर जे येते ते वळवाचे वादळ. दिवसभर दख्खनचे पठार तापते, अरबी समुद्राकडून ओलसर वारा आत शिरतो, पूर्वेकडून कोरडा, दोन्हींची गाठ पडते आणि दुपारी तीननंतर ढग उभे वाढू लागतात. एकेका ढगाचे आयुष्य तास-दीड तासाचे. पाऊस सुरू झाला की ढगातली थंड, जड हवा वेगाने खाली आपटते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. ही थंड हवेची लाट पावसाच्या आधी काही किलोमीटर पुढे धावते. धुळीचा लोट येतो, पत्रे वाजू लागतात, अंगावर गारवा येतो आणि दहा-वीस मिनिटांनी टपोरे थेंब पडू लागतात. आघाडीच म्हणायची तर आपली आघाडी ही. लहान, वेगवान आणि अल्पायुषी.

या पट्ट्यात माणसे मेली आहेत ती पाण्याइतकीच या वाऱ्याने. १७ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी किवळ्यात सेवा रस्त्यालगतचे एक अवाढव्य होर्डिंग सोसाट्याच्या वाऱ्यात पडले आणि पाऊस-वाऱ्यापासून आडोसा म्हणून त्याखाली थांबलेल्या पाच जणांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी १३ मे रोजी मुंबईत घाटकोपरच्या होर्डिंगने सतरा बळी घेतले आणि त्याच आठवड्यात, १६ मे २०२४ ला, मोशीत होर्डिंग कोसळून वाहने चिरडली गेली. मोशीत जीवितहानी झाली नाही हे नशीब. किवळ्यातली गोष्ट वाचताना मन सुन्न होते ते एवढ्यासाठी, की त्या माणसांनी सगळे शहाणपणाचेच केले होते. वारा आला, ते आडोशाला गेले.

वेळेकडेही लक्ष द्यावे असे मला वाटते. औद्योगिक पट्ट्यात पहिली पाळी दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास सुटते. हजारो दुचाक्या, कंपन्यांच्या बस आणि कंटेनर तळवडे-निघोजे-महाळुंगे-चाकण रस्त्यांवर उतरतात. वळवाच्या वादळाची वेळ तीच. शेतकऱ्याने या वेळेची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या बाळगली, ढग पाहून तो बैल सोडायचा. पत्र्याच्या शेडमध्ये सीएनसी मशीनपुढे उभ्या असलेल्या मुलाला आभाळ दिसत नाही. तो पंच करून बाहेर येतो तेव्हा वारा फाटकाशी आलेला असतो.

पावसाच्या प्रमाणाबद्दलही एक गैरसमज आहे. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर झाले की जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. मोजमाप सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ. शेतीला आणि धरणाला हे माप बरोबर आहे. गटाराला ते लागू पडत नाही. ६५ मिलिमीटर पाऊस दिवसभरात झाला तर तळवड्याच्या रस्त्यावर चिखल होईल. तोच एका तासात झाला तर एक चौरस किलोमीटर काँक्रीट आणि पत्र्यावरून साडेसहा कोटी लिटर पाणी वाहू पाहील, म्हणजे नाल्याच्या तोंडाशी सहाशे क्युसेकहून अधिक. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटरसाठी होत्या, नंतरच्या आराखड्यात ते प्रमाण ५० केले गेले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदवले तेव्हा त्या आकड्यांना अर्थ उरला नव्हता. ढगफुटी तर तासाला शंभर मिलिमीटर, आणि तीही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या छोट्या तुकड्यावर. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने वीसहून अधिक माणसे नेली. तो ओढा एरवी कोणाच्या लक्षातही नसे. जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात हिंजवडीच्या आयटी पार्कचे रस्ते तुंबले ते नदीमुळे नव्हे, बुजलेल्या नैसर्गिक प्रवाहांमुळे. तळवड्याच्या सॉफ्टवेअर पार्कभोवती, चाकणच्या नव्या गोदामांभोवती आज जे भराव पडत आहेत, त्यांच्याखाली कोणते ओहोळ गेले याची नोंद ठेवणे हे हवामानाचेच काम आहे असे मी मानतो.

अंदाजाची यंत्रणा आपल्या दारात आहे ही अभिमानाची गोष्ट आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. पाषाणला १९६२ साली स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला आणि मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी भारत फोरकास्ट सिस्टीम देशाला मिळाली. आधीची जागतिक जाळी बारा किलोमीटरची होती. फरक मोठा आहे. बारा किलोमीटरच्या चौकोनात देहू, तळवडे आणि चिंचवड एकाच आकड्यात गुंडाळले जात. पण सहा किलोमीटरच्या चौकोनातही वळवाचा एकटा ढग नीट मावत नाही, कारण तो स्वतःच चार-पाच किलोमीटरचा असतो. म्हणून संगणकाचे भाकीत ‘उद्या दुपारनंतर पुणे परिसरात वादळी पावसाची शक्यता’ इथवर नेते. तिथून पुढे रडार, उपग्रह आणि विजांचे संवेदक यांचे राज्य. तीन तासांचा जो तात्कालिक इशारा येतो तो त्यांच्यावर उभा असतो.

रडारची अडचण साधी भूमितीची आहे. मुंबईच्या कुलाब्यातल्या रडारपासून तळवडे शंभर किलोमीटरहून थोडे लांब. रडारचा किरण किंचित वर रोखलेला असतो आणि पृथ्वी खाली वळत जाते. तळवड्यावर पोहोचेपर्यंत तो दीड किलोमीटरहून वर गेलेला असतो, शिवाय मध्ये सह्याद्री आडवा. ढगाचा माथा दिसतो. पण ज्या थरात थंड हवा खाली आपटून पसरते तो जमिनीलगतचा थर निसटतो. वर्षानुवर्षे या औद्योगिक पट्ट्याचे वादळ डोंगरापलीकडून पाहिले गेले. मुंबईला वेरावलीचे दुसरे रडार मिळाले, पाठोपाठ छोटी रडारे मिळाली. देशातल्या मोठ्या वाहन-उद्योगाच्या पट्ट्याला तितक्याच जवळून पाहणारा डोळा हवा ही मागणी मला अवाजवी वाटत नाही. विजांच्या बाबतीत ‘दामिनी’ अ‍ॅप आहे, ते वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजांची खबर देते. क्रेनवर किंवा छतावर काम करणाऱ्यासाठी ते आजच्या घडीला सर्वांत उपयोगी साधन आहे.

अचानक येणाऱ्या पुरासाठीची व्यवस्था फारशी कोणाला माहीत नाही. ऑक्टोबर २०२० पासून हवामान खाते भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंका यांच्यासाठी एक मार्गदर्शक प्रणाली चालवते. तिची दृष्टी जिल्ह्याची नसून पाणलोटाची, चार किलोमीटरच्या तुकड्यांची आहे. जमीन आधीच किती भिजली आहे आणि अजून किती पाऊस पडला तर ओढा काठ सोडेल, हे ती मांडते. सहा तास आधी धोका, चोवीस तास आधी जोखीम. इंद्रायणीसाठी हवी तीच भाषा. पण हे पत्रक तंत्रज्ञांसाठी निघते. त्यातली ओळ सोपी होऊन देहूच्या घाटावर किंवा चिखलीच्या पूररेषेतल्या वस्तीत आलेली मी पाहिलेली नाही.

शेवटच्या मैलाचे हे दुखणे फक्त आपले नाही. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया प्रांतात हवामान संस्थेने सकाळीच लाल इशारा दिला होता. नागरिकांच्या मोबाइलवर सरकारी संदेश पोहोचला तो रात्री आठनंतर. दोनशेहून अधिक माणसे गेली, अनेक जण गाडीत किंवा तळघरात. आपल्याकडे २५ जुलै २०२४ च्या पहाटे तेच वेगळ्या रूपात घडले. शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस, वर खडकवासल्यातून वाढत वाढत ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेलेला विसर्ग, आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोकांना जाग आली ती घरात शिरलेल्या पाण्याने. पावसाचा इशारा होता, विसर्गाचे आकडेही होते. पण ‘इतक्या क्युसेकला माझ्या इमारतीच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी येते’ याचे उत्तर कोणाजवळ तयार नव्हते. क्युसेक ही अभियंत्याची भाषा आहे. माणसाला पायरी कळते.

ती भाषा नदीकाठी पूर्वीपासून आहे. आळंदीत पात्रातल्या भक्त पुंडलिकाच्या मंदिराला पाणी कुठवर टेकले यावरून माणसे पुराची उंची सांगतात, चिंचवडला मोरया गोसावींच्या देवळावरून. तळवडे आणि निघोज्याच्या दरम्यान असे सर्वांना ठाऊक असलेले माप हवे. पुलाच्या खांबांवर रंगाचे पट्टे, कोणत्या पट्ट्याला कोणता रस्ता बंद, कोणती वस्ती हलवायची, हे आधी ठरलेले. वडिवळे, कामशेत, इंदुरी इथली पाण्याची पातळी दर तासाला खालच्या गावांच्या गटांवर यावी, तीही मराठीबरोबर हिंदीत, कारण इथल्या खोल्यांमध्ये राहणारे पुष्कळ कामगार बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले दिसतील. २०२३ मध्ये सरकारने कर्कश आवाजात वाजणाऱ्या मोबाइल इशाऱ्याच्या देशभर चाचण्या घेतल्या, तेव्हा लोक दचकले आणि विसरले. तो इशारा ठरावीक टॉवरखालच्या सगळ्या फोनवर पाठवता येतो, क्रमांक माहीत असण्याची गरज नसते. जिल्हाभर वाजवला तर महिन्याभरात लोक तो बंद करून टाकतील. देहू ते मोशीच्या काठापुरता वाजवला तर त्याला वजन राहील.

वळवासाठी मात्र नदीकाठची नव्हे, कारखान्याच्या फाटकावरची तयारी लागेल. एप्रिल ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दुपारी दोन वाजता तात्कालिक इशारा पाहण्याची जबाबदारी सुरक्षा विभागातल्या एका माणसावर टाकायला पैसे लागत नाहीत. वादळ वीस किलोमीटरवर असेल तर पाळी अर्धा तास उशिरा सोडायची, बस आतच थांबवायच्या, क्रेनचे काम आणि छतावरचे पत्रे बसवणे थांबवायचे, फाटकाबाहेर होर्डिंगखाली किंवा कच्च्या भिंतीशी कोणी उभे राहणार नाही हे पाहायचे. अर्ध्या तासाचा ओव्हरटाइम कोणी द्यायचा यावर वाद होईल. तो वाद मार्चमध्येच, व्यवस्थापन आणि युनियनने समोरासमोर बसून मिटवावा. एप्रिलमध्ये ढग उभे राहू लागल्यावर त्यासाठी वेळ नसतो.